लाल फुलांचं लिनोलियम

एसटीच्या टपावरून लिनोलियमची गुंडाळी खाली आली, तेव्हा काशीरामने ती तान्हं मूल घ्यावं तशी दोन्ही हातांवर झेलली.

"घडी घालू नका, मोडतं," मागोमाग उतरलेला लांज्याचा गंगाराम म्हणाला. "वर चपला नाय, गरम भांडं नाय. सोमवारी येऊन मी घेऊन जाईन."

गंगाराम मुंबईत कचेऱ्यांच्या जमिनींवर लिनोलियम बसवायच्या कामावर होता. कंबर धरली म्हणून गावी परतला, येताना उरलेला एक मोठा तुकडा घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या घरात तो कधी अंथरला गेला नाही. कुणी अडलानडला मागायला आला की तो द्यायचा आणि बदल्यात फक्त लग्नाचं आमंत्रण मागायचा.

हे सगळं मथुरेमुळे झालं. काशीरामची ही धाकटी बहीण दीड महिन्यापूर्वी पालीजवळ त्याच्या मुलीसाठी, शालनसाठी, स्थळ बघून आली. मुलगा शाळेत मास्तर. आईबाप शेती करणारे.

"माणसं चांगली हायत, दादा," ती म्हणाली होती. "पण त्यांच्या ओटीवर खाली लिनोलियम हाय. चकचकीत. पाय ठेवायला भीती वाटते. आपल्या सारवणावर ती बसतील काय?"

एवढं बोलून ती लेकीच्या बाळंतपणासाठी वेळणेश्वरला निघून गेली. झोप उडाली ती काशीरामची. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच होती. शालनला चोविसावं लागलं होतं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. काशीरामच्या वाट्याला दोन्ही एकाच रविवारी आली.

"अण्णा, मी कालच सारवलंय," शालन दारात उभी राहून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. त्याच्यावरच टाकू."

सारवण शालनच्या आईकडून आलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली, पण हात तोच. शेणात कोळशाची पूड, आणि बोटांची अर्धवर्तुळं एकाला एक लागून भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत. ज्यांचं बालपण अशा जमिनीवर गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्याच्या दुपारी उघड्या पाठीने तिच्यावर पडलं की पंख्याची आठवण होत नसे. तो गारवा पुढे कुठल्याही फरशीत सापडला नाही.

त्या जमिनीवर लाल फुलं उलगडली. कोपरे वर उचलत होते, म्हणून काशीरामने रात्रभर त्यांच्यावर पाटा, वरवंटा आणि जांभ्याचे दोन चिरे ठेवले. मधोमध मात्र चार आण्याएवढा जळका डाग होता.

"लोक जपत नायत," गंगाराम एवढंच बोलला होता. काशीरामने डागावर स्टूल ठेवलं, स्टुलावर रेडिओ.

"आणि उद्या त्यांनी विचारलं तर?" शालनने विचारलं.

"आपलंच म्हणायचं. लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाय. माझी आण हाय."

आईने घातलेली जमीन झाकून आपलं लग्न जमवायचं, याचं शालनला रडू येत होतं.

रविवारी दहाच्या गाडीने मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील दत्ताराम आणि आई सुंदराबाई. सुंदराबाई उंचनिंच, कमी बोलणारी बाई. पायरीवरच तिने चपला काढल्या आणि नवऱ्याच्याही काढायला लावल्या. आत पाऊल टाकलं आणि ती क्षणभर थांबली. खाली बघितलं, मग स्टुलाकडे.

काशीरामने रेडिओ उगाच सरळ केला.

दत्तारामांनी सवयीने खिशातून विडी काढली. सुंदराबाईने नुसतं बघितलं. ते मुकाट्याने उठले, बाहेर खळ्यात जाऊन उभे राहिले.

शालनने पोहे आणले, चहा आणला. मुलगा कप खाली ठेवायला वाकताच आई म्हणाली, "हातातच धर."

मुलाने शालनला, शिवण येतं का, एवढाच प्रश्न विचारला आणि स्वतःच लाजला. सुंदराबाईचं लक्ष अजून खालीच होतं. तिने कडेचा कोपरा दोन बोटांनी उचलला.

"खाली सारवलेलं हाय वाटतं."

"जुनं हाय ते," काशीराम घाईने म्हणाला. "तसंच ऱ्हायलंय."

"जुनं कसलं. आठवडा पण झाला नसेल. कुणाचा हात?"

"मुलीचाच."

सुंदराबाईने कोपरा पुन्हा नीट बसवला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. काशीरामला तिथे बसवेना. "चला, विहीर दाखवतो," म्हणून तो मुलाला घेऊन बाहेर गेला आणि दत्तारामही त्यांच्या मागे निघाले.

ओटीवर दोघीच उरल्या. शालनने कपबशा गोळा केल्या. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "अण्णांनी आण घातलीय, पण खोटं बोलून मला तुमच्या घरी यायचं नाय. हे लिनोलियम आमचं नाय. एका दिवसापुरतं आणलंय, उद्या जाणार. आमची जमीन म्हणजे ती खालची. तुमच्यासारखं आमच्याकडे काय नाय."

विहिरीकडून बापाचा आवाज येत होता. तो कधी नव्हे तो हसत होता. आपण त्याचं हसू घालवलं, असं तिला वाटलं.

सुंदराबाई सावकाश उठली. रेडिओसकट स्टूल उचलून तिने बाजूला ठेवलं आणि उघड्या पडलेल्या डागाकडे बघत राहिली.

"हा डाग बघितलास?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या विडीचा."