झोपाळू गल्लीची पाहणी

चौथं दार उघडलं आणि पाहणीवालीचं पेन हवेतच थांबलं. दारात तीच म्हातारी उभी होती. तोच चष्मा, तीच दोऱ्याने बांधलेली काडी. फक्त धाप मघापेक्षा जास्त लागली होती.

"आजी, तुम्ही आत्ता शेजारच्या घरात होतात ना?"

"ती माझी बहीण."

"आणि त्याच्या अलीकडच्या घरात?"

"तीही बहीणच. आमच्या आईला दुसरा उद्योग नव्हता."

पाहणीवालीने मान डोलावली. पोरगी सरळ मनाची होती. दारोदार पाठवायला अशीच माणसं निवडतात. तिने ठरलेला प्रश्न विचारला. घरातल्या बायका कामाला जातात का?

"छे गं! सुनेला ताप आहे. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

आत नळ धो धो वाहत होता आणि रेडिओ बोंबलत होता. तापकरी बाईला एवढ्या गोंगाटात झोप कशी लागली, हे विचारायचं काही पाहणीवालीला सुचलं नाही. तिने 'काम करत नाही'वर खूण केली. पहिल्या घरातली आंघोळीला गेली होती, दुसऱ्यातली माहेरी, तिसऱ्यातली नुसतीच झोपली होती.

खरं म्हणजे त्या घटकेला गल्लीत म्हातारीशिवाय चिटपाखरू नव्हतं. साऱ्या लेकीसुना उजाडताच कामगारांच्या फुकट बसने नदीपलीकडच्या कारखान्यात बाटल्या भरायला जात. जाताना घराच्या किल्ल्या म्हातारीच्या हवाली करत. म्हणून तिचं नाव किल्लीआजी.

फार वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस गल्लीत आला होता. "सगळी कामाला गेलीत," असं कुणीतरी त्याला एका घराबद्दल भोळेपणाने सांगितलं. संध्याकाळी त्या घरात फक्त भिंती उरल्या, आणि त्यांचेही खिळे उपटून नेलेले. तेव्हापासून गल्लीने शपथ घेतली. परक्या माणसापुढे घर रिकामं आहे असं म्हणायचं नाही. मग तो फुलं विकणारा असो की सरकारी पाहणीवाला. एक बाई कामाला लागली की गल्लीत आणखी एक बाई झोपी जाई. आता अख्खी गल्ली घोरत होती. विचारणारी पुढच्या दाराने चालत येई आणि आजी मागच्या परसातून पळत जाऊन तिच्या आधी कडी काढे.

शेवटचं घर झालं तेव्हा दोघीही दमल्या होत्या. पाहणीवाली पायरीवर बसली. आजीने तिला पाणी दिलं.

"आजी, आमच्या कचेरीत भिंतीवर या भागाची एक रेघ काढलीय. कामाला जाणाऱ्या बायकांची. वर्षानुवर्षं नुसती खाली खाली चाललीय. साहेब म्हणतात, एवढ्या झोपाळू बाया जगाच्या पाठीवर नसतील."

"मेल्या साहेबाला काय ठाऊक," आजी पुटपुटली.

"फक्त तुमचीच गल्ली नाही हो. सकाळपासून सगळ्या वस्त्या पालथ्या घातल्या. जिथं जावं तिथं झोपलीय, आजारी आहे, माहेरी गेलीय. आता साहेबांना फोन केला की माझं काम संपलं. पुढच्या महिन्यापासून बस बंद."

"कुठली बस?"

"ती कामगारांची. कामाला कुणी जातच नाही, तर रिकामी गाडी कशाला पळवायची?"

"रिकामी? तुमच्यातल्या कुणी बघितलीय का ती बस?"

"ती उजाडताना जाते म्हणे. आमची कचेरी त्यानंतर बऱ्याच वेळाने उघडते, आजी."

आजीने कमरेचा जुडगा घट्ट धरला. तिच्या नातीला सोमवारपासून कारखान्यात रुजू व्हायचं होतं. पोरीने नवे बूट आणून रोज घरातल्या घरात चालून बघितले होते. बस गेली तर नदी ओलांडून जाण्यातच अर्धा दिवस जाणार. खरं सांगावं तर साऱ्या गल्लीला दिलेली शपथ मोडते. न सांगावं तर साऱ्या गल्लीचं काम जातं. जन्मात पहिल्यांदाच आजीला खोटं सुचेना, आणि खरं बोलायची तर सवयच नव्हती.

"हे बघ पोरी," ती शेवटी म्हणाली, "मी तुला काही सांगणार नाही. पण तो फोन दिवेलागणीला कर. आणि बसथांब्यावर उभी राहून कर."

"का बरं?"

"तिथं वारं छान येतं."

दिवेलागणीला पाहणीवाली थांब्यावर उभी राहिली. आजी शेजारी होतीच. साहेबांनी फोन उचलला आणि त्याच वेळी वळणावर बस दिसली. बस कसली, एका अंगावर कललेला बायकांचा डोंगरच तो. दारातून कोपरं बाहेर, खिडक्यांतून पिशव्या बाहेर. गाडी थांबली तेव्हा चाकांनीसुद्धा सुस्कारा सोडला म्हणतात.

बाया उतरू लागल्या. आजी जुडग्यातून एकेक किल्ली काढून देत ओळख करून देत होती. "ही तापाची. ही आंघोळीची. ही माहेरवाशीण. आणि ही नुसतीच झोपलेली."

गल्लीतल्या सगळ्या उतरल्या, तरी बस रिकामी होईना. बाया उतरतच होत्या. हसत, भांडत, एकमेकींना कोपरखळ्या मारत.

"आजी, आणि ह्या सगळ्या कुठल्या?"

"मला काय विचारतेस? सकाळी त्यांच्या दारात तूच जाऊन आलीस ना?"

एका धिप्पाड बाईने पायरीवरूनच आरोळी ठोकली. "अगं, आमच्या दहाबाराजणी तिकडंच राहिल्या! म्हणे, जागा नाही! कोण गं ती सरकारी? सांगा तिला!"

"हॅलो! हॅलो!" फोनमधून साहेब ओरडत होते. "अहो, हा कसला कालवा? ती बस बंद करायची ना?"

पाहणीवालीने एका कानात बोट घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांपेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं, "बंद नाही साहेब, आणखी एक पाठवा! तुमच्या झोपलेल्या बाया कामावरून घरी आल्यात!"