मुकद्देसताईंचं नवल

तुर्कस्तानातल्या अदाना शहरात भर दुपारी जेव्देतने बायकोला, नुरहयातला, केसांना धरून जिन्यावरून फरफटत खाली आणलं आणि तिचं तोंड कठड्यावर आपटलं. समोरच्या पाववाल्याने पोलीस बोलावले, तेव्हा ती पायरीवर बसून तुटलेले दोन दात ओंजळीत धरून होती.

वरच्या मजल्यावरच्या मुकद्देसताई धावत आल्या. "अल्ला अल्ला! आपला जेव्देत? योक आर्तक, काहीतरीच काय!"

"याआधी कधी आरडाओरडा ऐकलात?" पोलिसाने विचारलं.

"छे हो! इतकं शांत घर!"

नुरहयात रक्ताळल्या तोंडाने त्यांच्याकडे बघतच राहिली.



गेली नऊ वर्षं, जेव्देतने कमरेचा पट्टा काढला की मुकद्देसताईंच्या टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.