सिंकजवळची बाटली

आठ दिवसांत नवजात कक्षातली दोन बाळं गेली होती. तिसऱ्याच्या रक्तातही तोच जंतू सापडला, आणि तो एकाही अँटिबायोटिकला जुमानत नव्हता. तो येतो कुठून, हे शोधणं माझं काम. नळ, पाळणे, सलाईनच्या नळ्या, सगळ्यांचे नमुने कोरे निघाले, तशी मी हात धुण्याची सक्ती आणखी वाढवली.

आज लॅबमध्ये शेवटच्या नमुन्याची प्लेट पाहिली. त्याच जंतूंनी गच्च भरली होती. नमुना होता सिंकजवळच्या साबणाच्या बाटलीतला.

मी लॅबमधूनच वॉर्डात फोन लावला. “सिस्टर, ती बाटली कधी धुता?”

“धुवायला रिकामी कुठे होते, मॅडम? जरा खाली गेली की वरून साबण ओततो. तुम्हीच बजावलंत ना, बाटली कधी रिकामी दिसता कामा नये.”

“फेकून द्या ती,” म्हणत मी जिन्याकडे धावले.

सकाळीच दाखल झालेल्या बाळाची आई पाळण्यावर वाकली होती. तिच्या करंगळीचं टोक बाळ चोखत होतं. मला पाहून तिनं दुसरा, अजून ओला असलेला हात पुढे केला.

“दोनदा धुतले, मॅडम. तुम्ही शिकवलंत तसे, कोपरापर्यंत.”