पाण्यातली नांगरणी

आईला शिडाच्या होडीतून बेटं दाखवायची ही हौस माझी. दादाच्या हाती शेत सोपवल्यापासून तिचा जीव मात्र कशातच रमत नव्हता. डॉल्फिन दिसले, कासवं दिसली, तरी तिचं आपलं “बरंय”. उद्या हिला घरी पोचवायचं ठरवूनच मी एका बेटापाशी शीड उतरवलं. “आई, नांगर टाक!” “टाकलाय, म्हणून तर तुझ्या होडीत बसलेय,” ती पुटपुटली, पण उठली. साखळी खडखडत गेली. होडी वाऱ्याने मागे सरकली, तसा नांगर तळाची वाळू चिरत ओढला गेला आणि रुतला. नितळ पाण्याखाली उकरलेल्या वाळूतले किडे टिपायला पिवळ्या माशांची झुंबड उडाली. “अगं, हे तर नांगरामागचे बगळे!” आई वाकून पाहतच राहिली. मग बाह्या सरसावून वळली. “नांगराचा तास वाकडा पडलाय तुझा. उद्या पलीकडच्या बेटापाशी सुकाणू मी धरते.”