तारामतीच्या दारातली जीप

पोलिसांची जीप वेशीतून आत आली तेव्हा केवळाबाई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सूप हातातच राहिलं.

सकाळपासून गावातल्या मोबाईलवर एकच बातमी फिरत होती. सीमेवर चकमक, निलंगा तालुक्यातला एक जवान शहीद. पलटणीचं नाव होतं, पोराचं नव्हतं. अन् त्या पलटणीत तालुक्यातले दोनच, दोघंही याच गल्लीतले. केवळाबाईचा वैजनाथ आणि तिच्या चुलत जावेचा, तारामतीचा, हरिओम. नांदेडच्या भरतीत दोघं बरोबरच धावले, बरोबरच निवडले गेले.

वैजनाथचा फोन लागत नव्हता. हरिओमचा लागतो का हे तारामतीला विचारायचं कुणी? दोन्ही घरांत अबोला होता. मागं सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंड्यापाशी जवानांच्या आयांचा सत्कार ठेवला आणि सरपंचानं पहिला नारळ तारामतीच्या ओटीत घातला. थोरली जाऊ कोण? केवळाबाई. "माझं पोरगं काय तिथं गोट्या खेळून राहिलंय का?" म्हणत तिनं शाल खुर्चीवर फेकली अन् तडक घरी आली. तेव्हापासून तिनं त्या दाराकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं. दोन दारं, मधे कडुनिंब. जीप अंगावर आल्यासारखी सावकाश येत होती. तिच्यामागं एक पांढरी सरकारी गाडी.

'हितं नगं. फुडं जा बापा, फुडं जा.'

पुढं दार कुणाचं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी ती मनात तेच म्हणत राहिली.

जीप तिच्या दारावरून पुढं गेली. आतल्या साहेबानं टोपी काढून मांडीवर घेतली होती. निंबाच्या पलीकडं गाडी थांबली. तारामतीचा नवरा ग्यानोबा बाहेर आला. केवळाबाईचा मालक गेल्यापासून भावकीतला कर्ता माणूस तोच. साहेब त्याच्या कानाशी काहीतरी बोलला अन् ग्यानोबा मटकन खाली बसला. मग आतून तारामतीचा हंबरडा आला, "आगं माय, माझ्या वाघा रं!"

"पावलास रे देवा," केवळाबाईच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिनं पदर तोंडावर दाबला. आपण काय बोललो हे कुणी ऐकलं तर न्हाई?

पोलीस पाटलाची सून पुनम धावत आली अन् तिला बिलगून बसली.

"काकू, मी बसते तुमच्यापाशी."

"माझ्यापाशी काय लाडू वाटून राहिलेत? तिकडं जा. तिला धर."

पुनम हलली नाही. नुसते हुंदके. पोरगी पहिल्यापासून कच्च्या काळजाची.

"पूस डोळे," केवळाबाई म्हणाली. "जवानाच्या मागं असं रडत्यात का? त्याच्या आईनं ताठ मानेनं उभं राहायचं असतंय. असं मरण काय समद्यांच्या लेकरांना येतंय?"

पुनमनं तिच्याकडं एकदा पाहिलं अन् तिला आणखीच रडं फुटलं.

"वैजनाथाला फोन लाव गं. जोडीदार गेला त्याचा. पोरगं कसं असंल तिकडं?"

"आत्ता नगं, काकू. रेंज नसंल."

केवळाबाई उठली. चुलीत काटक्या सारल्या.

"काय करून राहिलात?"

"भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, एवढं बी ठाव न्हाई का तुला? पहिला घास भावकीनं न्यायचा. अन् भावकीत थोरली मी हाय, भांडण गेलं चुलीत."

"दुसरं कुणी नेईल, काकू. तुम्ही बसा."

"का? मला काय झालंय?"

पुनमनं पिठाची परात तिच्या हातातून ओढून बघितली.

ज्वारीचं पीठ मळता मळता केवळाबाईचं तोंड चालूच होतं. सरपंचाला सांग, वेशीत कमान पाहिजे. दगडाची, पत्र्याची न्हाई चालायची. वर पोराचं नाव. साळेतली लेकरं तिथं सलाम ठोकून वर्गात गेली पाहिजेत. अन् फुडच्या झेंड्याला पहिला नारळ तारामतीलाच. दरसाल. "म्यां जर हूं की चूं केलं तर तोंडात हाण माझ्या."

मधेच तिचा हात थांबला. हरिओम लहानपणी याच चुलीपाशी बसून गरम भाकरी मागायचा. तव्यावरून उतरायच्या आत. अन् मघाशी आपण त्या जीपला पुढं ढकललं. मनानं का होईना, आपणच. तिनं नाक शिंकरलं अन् पिठलं हाटायला घेतलं.

टोपलं डोक्यावर घेऊन ती निघाली. पुनम मागून पदर ओढत होती. निंबाखालची माणसं एकदम उठून उभी राहिली. सरपंचानं हात जोडले. साहेबानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. थोरल्या जावेचा मान आज बरा कळला समद्यांना, तिला वाटून गेलं.

ग्यानोबा दारात आडवा झाला. "वैनी, जरा थांबा. आम्ही येणारच होतो..."

"सरका भावजी. आज कसला आलाय अबोला?"

ती आत गेली अन् उंबऱ्यातच थबकली.

स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. चूल धडधडून पेटली होती. सुजल्या डोळ्यांनी तारामती भाकरी थापत होती, शेजारचं टोपलं भरत आलं होतं. तिनं मान वर केली. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली.

"तुम्ही कशाला आलात, आक्का? मीच घास घेऊन तुमच्याकडं निघाले होते."