रविवारचा बिघाड

पत्नी गेल्यावर मोहनलाल गुरुजी फुलचूरच्या घरात एकटेच राहत होते. मुलगा टिकेश बंगळुरूला नोकरीला. त्याचा फोन दोन मिनिटांत संपायचा. पण कॉम्प्युटर बिघडला की तो तासभर समजावत बसायचा, मध्येच जेवलात का, तेही विचारायचा. त्या रविवारी कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मात्र त्याने तिकडे बसूनच इंटरनेटवरून इथला कॉम्प्युटर ताब्यात घेतला. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता. गुरुजी मांडीवर हात ठेवून पाहत होते. दहा मिनिटांत सगळं दुरुस्त झालं. "आता वर्षभर काही होत नाही, बाबूजी. ठेवतो." मग वाकून गुरुजींनी माऊसची वायर उपटली आणि पुन्हा फोन लावला. "टिकेश, बाण हलून नाही राहिला." "असं? उद्या मेकॅनिक पाठवतो, बाबूजी." "मेकॅनिकले नको पाठवू," गुरुजी म्हणाले. वायर त्यांच्या हातातच होती. "तूच सांग ना."