जिंकायची भूक

“या पोरींच्यात आगच नाही,” धनेश म्हणाला आणि शरीफच्या दुकानातल्या डाळीच्या पोत्यावर बसला.

शरीफने मान वर केली नाही. कालपासून हेच चाललं होतं. जव्हारच्या मैदानावर बास्केटबॉलची सेमीफायनल झाली, आपल्या मुली हरल्या, आणि तेव्हापासून जो तो त्याच्या दुकानात येऊन तेच दळण दळत होता. हरणं एक वेळ सोसतं, त्यावरची चर्चा सोसत नाही.

धनेश एसटीत कंडक्टर. उमेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शरीफचा धान्याचा धंदा. इतकी वर्षं तिघांचं संघाशी नातं होतं ते कडेला उभं राहून ओरडण्यापुरतं. यंदा मात्र दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा आली आणि वसतिगृहाची खानावळ तर सुट्टीत बंद. मुली साऱ्या पाड्यांवरच्या, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. त्या खाणार काय? मग संघाचे कोच गोकुळसर यांना सांगून तिघांनीच ते अंगावर घेतलं. धनेशने डाळ-तेल दिलं, उमेशने गॅस. तांदूळ शरीफचा.

तोही साधासुधा नव्हे. बाजारात अजून कुणाकडे नवा तांदूळ दिसत नव्हता, तेव्हा त्याने वाड्याहून नवा कोलम मागवला होता. त्यातली एक गोण त्याने स्वतःच्या हाताने शिवली. चांगल्या मालाला तो हिरवा दोरा घाली, तसा घातला, आणि गोण वसतिगृहावर पोचवून कॅप्टन रंजनाला म्हणाला, “शिजताना वास बघ नुसता.” रंजना नुसती हसली आणि गोणीवरून हात फिरवत राहिली. लाजाळू पोर, असं त्याला वाटलं होतं.

“चौथ्या क्वार्टरला बघितलंत ना?” उमेश म्हणाला. “रंजना गुडघ्यांवर हात ठेवून उभी. समोरची बॉल घेऊन निघून जाते आणि ही बघतेय.”

“सारखं पाणी पीत होत्या,” धनेश म्हणाला. “टाइमआउट झाला की बाटलीला तोंड. वेळ काढायची लक्षणं ती. शरीफभाई, राग मानू नका, पण दोष तुमचा आहे. नवा तांदूळ अंगाला जड. त्यावर रोज ताव मारल्यावर पळणार कोण?”

तो हसून बोलला, तरी शरीफला ते लागलं. संघ हरला की लोक नावं ठेवायचे आणि हा एकटा मुलींची बाजू घेऊन भांडायचा. आता भांडायचाही कंटाळा आला होता. काल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मुली पाय ओढत खेळत होत्या.

तेवढ्यात साखरशेतकडची माघी पिशवी घेऊन पायरीवर आली. जुनं गिऱ्हाईक.

“नवा आलाय, मावशी,” शरीफ म्हणाला. “ने.”

“नको रं बाबा. जुनाच दे. आमचे पाड्याला देवाला नवा दाखवला नाय अजून.”

“दिवाळी झाली की.”

“पाऊस कुठं लवकर सरला? भात अजून खळ्यात पडलाय. देवाच्या आधी आपण कसा खायचा?”

शरीफने जुना तांदूळ मोजून दिला. पाड्यांवरचं गिऱ्हाईक अजून नव्याला हात लावत नव्हतं, नव्या मालाची थप्पी तशीच उभी होती. हीही एक कटकट होती.

माघी गेली आणि उमेशने धागा पुन्हा धरला. “परवा तिसऱ्या नंबरासाठी मॅच आहे. परत शोभा करून घ्यायची का? त्यापेक्षा नाव काढून घेतलेलं बरं. गोकुळसर म्हणालेत, शरीफभाई सांगतील तसं. खर्च आपला आहे.”

शरीफने तराजूचं पारडं पुसलं. मग फोन उचलला.

“सर, नाव काढून घ्या,” तो म्हणाला. पलीकडून गोकुळसर काहीतरी सांगत होते, मुलींना एकदा विचारू का, असं. “काय विचारायचं त्यांना? आयतं पोटभर मिळालं की जिंकायची भूक राहत नाही. मी तर थकलो, सर. पुढच्या वर्षी आम्हाला धरू नका.”

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं वाटलं नाही. धनेश ड्यूटीवर गेला, उमेश दुकान उघडायला गेला.

उन्हं उतरताना रंजना आली. सोबत संघातली हर्षदा. दोघींनी दोन टोकांना धरून गोण आणली होती. ती पायरीवर टेकवून रंजना तिथंच बसली. तिला धाप लागली होती.

सरांनी हिला सांगितलं असणार, शरीफच्या मनात आलं. रागाने उरलेला तांदूळ परत करायला आली. त्याचा चेहरा कडू झाला.

“ठेवा तिथं,” तो म्हणाला. “मी काही परत मागितला नव्हता.”

“तसा नाय, चाचा,” रंजना म्हणाली. सरांची गाठ पडली नव्हती, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. “तुम्ही हौसेनं दिलेला, म्हणून आधी बोलाया लाज वाटली. पण परवाची मॅच सोडायची नाय असा ठरवलाय आम्ही. तेवढ्यापुरता याच्या बदल्यात थोडा जुना तांदूळ द्याल?”

शरीफ गल्ल्यावरून उठून पायरीशी आला आणि खाली वाकला. गोणीच्या तोंडावरचा त्याच्या हातचा हिरवा दोरा जसाच्या तसा होता.